बाबांची लेव्हल बुकं आणि सहा दिवसांचं कोकण

बाबांना जाऊन कार्तिकात वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आलेली माणसं पांगली, भांडी घासून पालथी पडली, आणि रात्री आईनं कपाटाच्या तळातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत सात लेव्हल बुकं होती, सर्व्हेत जमिनीची उंची मांडायच्या वह्या. लांबट, पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. "ह्यांचं हे तू बघ. मला रकाने कळत नाहीत," एवढंच म्हणाली आणि दिवा मालवायला गेली.

मला रकाने कळत होते, कारण ते बाबांनीच शिकवले होते. बॅक साइट, इंटरमिजिएट साइट, फोर साइट, राइज, फॉल, रिड्यूस्ड लेव्हल. एका खुणेची उंची माहीत असते, तिच्यावरून पुढच्याची काढायची, तिच्यावरून त्याच्या पुढची, असं करत डोंगर ओलांडायचा. अगदी उजवीकडे शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे इंजिनिअर लिहितो, पऱ्याचा म्हणजे ओढ्याचा काठ, विहिरीचा कठडा, फणसाचं खोड. बाबांच्या शेऱ्यांत मधूनच आम्ही होतो. 'पऱ्याचा पूर्व काठ' या ओळीखाली 'धाकटीला ताप उतरला'. 'कटिंगचा माथा' खाली 'मोठ्याची सहामाही, गणित ८८'. कामाचं एखादं पान वाया गेलं की ते वही घरी आणायचे आणि त्यातच किराण्याचा हिशेब मांडायचे. म्हणून एका पानावर बोगद्याचं तोंड आणि पाठपोट पानावर तूरडाळ.

कोकण रेल्वे कॉर्पोरेशन १९९० साली स्थापन झालं. १९९१ चा पावसाळा सरल्यावर बाबा तिथे सर्व्हेच्या तुकडीत रुजू झाले आणि डोंबिवलीचं बिऱ्हाड चिपळूणला हललं. मी सात वर्षांची, दादा दहाचा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे २००० पूल. त्यातला चिपळूण ते रत्नागिरी हा तुकडा म्हणजे आमचं बालपण.

सातव्या वहीत आकडे नव्हतेच. ती १९९८ नंतरची होती. बाबांनी छापील रकाने खोडून स्वतःचे आखले होते. तारीख, गाडी, बोगदा, वेळ, माणसं, शेरा. कोकण रेल्वेनं केलेला प्रत्येक प्रवास त्यात होता. बोगद्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत लागलेली मिनिटं-सेकंद आणि सोबत आपली किती माणसं होती ती संख्या. शेऱ्यात बहुतेक जागी तीन शब्द, 'ही डोळे मिटून'.

ते वाचून दादाला फोन केला. मार्गशीर्षात आई, दादा, मी आणि माझी अकरा वर्षांची लेक, असे चौघं निघायचं ठरलं.

पहिला दिवस, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडली. बाबांचा नियम होता की कोकणात जायचं तर दिवसाउजेडी आणि खिडकी उघडणाऱ्या डब्यात. एसीचं तिकीट काढू म्हटलं असतं तर आईच नाही म्हणाली असती.

रोहा सुटलं की बाबा ताठ बसायचे. तिथून पुढे 'आपली' लाइन. १९९० च्या सप्टेंबरात रोह्याला भूमिपूजन झालं, त्याआधी कित्येक वर्षं नाथ पै आणि मधु दंडवते यांनी लोकसभेत हा विषय लावून धरला होता, आणि त्याही आधी अ. ब. वालावलकरांनी हे स्वप्न उराशी बाळगलं होतं. हे सगळं ते आम्हाला पाढ्यासारखं म्हणून दाखवायचे. या मार्गावर चढ १५० ला १ यापेक्षा तीव्र नाही आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली नाही. लेकीला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "म्हणजे काय गं?" दादानं पाण्याची बाटली समोरच्या फळीवर आडवी ठेवली. डोंगरामागून डोंगर येत होते आणि बाटली जरा डुगडुगून तिथेच पडून राहत होती. "म्हणजे हे," दादा म्हणाला. डोंगर चढून जायचं नाही, त्याच्या पोटातून जायचं. म्हणूनच तर इतके बोगदे.

करंजाडी गेलं. पुढे नातूवाडीचा बोगदा, चार किलोमीटरहून मोठा. पूर्वी अशा लांब बोगद्यांत डिझेलचा उग्र वास डब्यात भरायचा. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण झाल्यापासून तो गेला, आता नुसता दगडाचा ओला गारवा येतो. काळोख झाला तशी मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते आणि उजवा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला होता.

दुपारी चिपळूण. आमचं भाड्याचं घर बाजारपेठेच्या बाजूला, चिऱ्याचं, पायरीला जांभा. घरमालकांच्या सूनबाईंनी ओळखलं. "या, काकू," म्हणत आईचा हात धरून आत नेलं. मी पायरीशीच थांबले. पायरीच्या कडेला, शेवाळाखाली, बाण अजून होता. वर एक आडवी रेघ आणि खालून तिला टेकलेला बाण. १९९२ मध्ये एका रविवारी बाबांनी छिन्नी-हातोडीनं ही खूण कोरली, तेव्हा आई संतापली होती. दुसऱ्याच्या घराची पायरी! बाबा म्हणाले, "टीबीएम आहे. तात्पुरता बेंचमार्क. आता या घराची समुद्रसपाटीपासूनची उंची मला ठाऊक आहे."

ती खूण त्यांनी एकोणतीस वर्षांनी वापरली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते कुणी विसरणार नाही. बाबा तेव्हा निवृत्त होऊन डोंबिवलीत. दोन दिवस फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा आधी सगळे सुखरूप आहेत ना ते विचारलं, एकेकाचं नाव घेऊन. मग म्हणाले, "पायरीवरच्या बाणापासून पाणी किती वर आलं होतं, ते मोजून सांगता?" सूनबाईंनी गाळ उपसता उपसता काठीनं मोजून सांगितलं होतं. आज त्यांनीच मला भिंतीवरची ती गाळाची रेघ दाखवली. रंग दिला तरी ती पुन्हा उमटते. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. "काकांनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाले, पुढचं घर बांधाल तेव्हा जोतं याच्या हिशेबानं घ्या."

घर अजून तेच आहे. पण बिछाने, कागदपत्रं आणि धान्य त्यांनी वरच्या माळ्यावर नेऊन ठेवलंय.

दुसरा दिवस, चंपाषष्ठी

गाडी भाड्यानं घेतली. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीनं जयगड. बाबांचा रविवारचा रस्ता. त्यांच्याकडे राजदूत होती. टाकीवर मी, मग बाबा, मग दादा, आणि मागे आई एका अंगाला. सहा दिवस डोंगराच्या पोटात घालवलेल्या माणसाला सातव्या दिवशी समुद्र लागायचा, तो एकट्यानं कधीच नाही. मित्रांबरोबर गडावर जायला निघाले तरी राजदूतवर आम्हाला बसवूनच निघायचे.

हेदवीला पोचायची वेळ आम्ही त्यांच्या रीतीनं ठरवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. खलाशांनी शिकवलेला हिशेब. षष्ठी म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. बामणघळीत समुद्राचं पाणी चिंचोळ्या फटीतून घुसतं आणि मागच्या खडकावर आपटून कारंज्यासारखं उसळतं, ते फक्त भरतीला. आम्ही सव्वाचारला जाऊन बसलो. षष्ठीची भरती भांगाकडे झुकलेली, उधाण नाही, त्यामुळे पाणी फार उंच गेलं नाही. पण साडेचारच्या सुमारास एक लाट अशी आली की लेकीचा फ्रॉक भिजला, आणि तिनं आजीकडे वळून "आजोबांचं बरोबर आलं!" असं ओरडून सांगितलं. आई हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोटीत आता गाड्या थेट चढतात. आमच्या वेळी होडी होती. दोन फळ्या टाकायच्या, चार माणसांनी राजदूत ढकलत वर घ्यायची, आणि बाबा कमरभर पाण्यात उभं राहून मागचं चाक धरणार. एकदा फळी निसटली आणि गाडी पाण्यात कलंडली. आईनं किंकाळी फोडली. बाबांनी गाडी सोडून दिली, आधी वळून काठावर पाहिलं आणि बोट दाखवत मोजलं, "एक, दोन, तीन." आम्ही तिघंही कोरडे उभे होतो. मग गाडी बाहेर काढली, तिथेच वाळूत प्लग उघडून पुसला, कार्बोरेटर झटकला, आणि तासाभरात सुरू केली. ते मोजणं तेव्हा मला खेळ वाटला होता. जत्रेत, एसटीत चढताना, समुद्रातून बाहेर आल्यावर, ते सतत आम्हाला मोजायचे.

शास्त्रीच्या मुखाशी सूर्य बुडाला. पलीकडे आता वीज प्रकल्पाची धुराडी आणि बंदराच्या क्रेन. मुक्काम मालगुंडला, केशवसुतांच्या गावात. चंपाषष्ठी म्हणून घरमालकिणीनं ताटात वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढली. चातुर्मासापासून वांगं वर्ज्य करणाऱ्या आईनं पहिला घास तोंडात घालून डोळे मिटले. हे मिटणं निराळं होतं.

तिसरा दिवस

आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी. दिवसा काही विशेष नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर फेरी, मुलीला थिबा राजवाडा.

संध्याकाळी बाबांच्या तुकडीतल्या एका काकांकडे गेलो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कान जरा कमी, पण लाइनीचा विषय काढला की पंचवीस वर्षांनी तरुण होतात. आई त्यांना भेटली ती बऱ्याच वर्षांनी. "वहिनी, अहो वाळलात," म्हणाले आणि कोकम सरबत स्वतः उठून आणलं.

करबुड्याचं काम त्यांनी सांगितलं. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, या लाइनीवरचा सगळ्यात लांब, उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये. स्वीडनहून आणलेली जंबो यंत्रं दगडात भोकं पाडायची. भोकांत दारू ठासायची, माणसं मागे काढायची, सुरुंग उडवायचा, धूर निवळला की छताचे सुटे दगड सबलीनं पाडायचे, मग मलबा उपसायचा, आणि पुन्हा भोकं. दोन्ही तोंडांकडून खोदत यायचं. डोंगरावरून सर्व्हे करून रेषा आत उतरवायची, आणि आतली दोन टोकं भेटतील की नाही ही धास्ती सर्व्हेवाल्यानं वर्षानुवर्षं पोटात बाळगायची. कठीण कातळ त्या मानानं इमानी. खरं छळलं ते मऊ मातीच्या बोगद्यांनी. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात माती पुन्हा पुन्हा ढासळली आणि सगळी लाइन पुरी व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला.

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही ठाऊक नव्हतं.

बोगद्याच्या तोंडाशी बिल्ल्यांची फळी असायची. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. ओडिशाची, आंध्राची, बिहारची पोरं, काही आजूबाजूच्या गावांतली. एका रात्री छताचा मोठा तुकडा खाली आला. सगळे पळत बाहेर आले. धूळ बसली तेव्हा फळीवर एक बिल्ला शिल्लक होता. वरिष्ठ म्हणाले, सकाळपर्यंत कुणी आत जायचं नाही, वरचा दगड अजून बोलतोय. 'बोलतोय' म्हणजे आतून चरचर आवाज येतोय. बाबांनी हेल्मेट घातलं, बॅटरी घेतली आणि आत गेले. एकटे. काकांनी मागून हाक मारली ती त्यांनी ऐकली नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"पाऊण तास," काका म्हणाले. "मी घड्याळ बघत होतो. वहिनी, खोटं नाही सांगत, तेवढ्यात मी तुम्हाला काय सांगायचं याची मनात जुळणी करत होतो."

बाबा बाहेर आले ते हात हलवत. आत कुणीच नव्हतं. तो पोरगा आधीच जेवायला म्हणून निघून गेला होता, बिल्ला न काढता. पहाटे खानावळीमागे झोपलेला सापडला. काकांना वाटलं, बाबा त्याच्या कानाखाली वाजवणार. बाबा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले. दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटताना फळीशी स्वतः उभं राहून एकेक माणूस मोजायला लागले. ज्यांच्या कामातच ते बसत नव्हतं, त्यांनी.

आई काही बोलली नाही. रात्री खोलीवर आल्यावर मला म्हणाली, "पिशवी काढ." आम्ही दोघींनी मिळून तिसरी वही चाळली. काकांनी सांगितलेल्या महिन्यात एका पानावर आकडे नव्हते. फक्त शेऱ्यात लिहिलं होतं, 'माणसं पूर्ण'.

आईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "त्या पहाटे हे आले आणि तुमच्या दोघांच्या अंथरुणाशी उभे राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही नाही, बघतोय. मी भांडले. तीन दिवसांनी घरी येता आणि काही नाही? मला वाटायचं, ह्यांना डोंगराचं वेड आहे, आपण दुसऱ्या नंबरावर." पुढे ती काही बोलली नाही. मीही दिवा लवकर मालवला.

चौथा दिवस

सकाळी आधी रत्नागिरी स्थानकाच्या परिसरातल्या श्रमशक्ती स्मारकाशी गेलो. लाइन बांधताना ज्यांचा जीव गेला त्यांच्यासाठी आहे ते. बाबा रत्नागिरीला उतरले की चपला काढून तिथे उभे राहायचे. आम्हीही राहिलो. माझ्या मते या मार्गानं जाणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी तिथे उतरावं.

तिथून पानवलचा पूल. दरीच्या तळाशी उभं राहून मान वर केली की टोपी पडते. ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. कुतुबमिनारापेक्षा थोडाच बुटका. खालून बघताना खांब आकाशात बारीक होत जातात. बांधायची तऱ्हाही निराळी. दरीत परांची उभारणं शक्य नव्हतं, म्हणून पुलाचा तुकडा काठावर ओतायचा, पक्का झाला की जॅकनं दरीवर पुढे ढकलायचा, त्याच्या मागे पुढचा तुकडा ओतायचा. असा सगळा पूल एका टोकाकडून रांगत पलीकडे गेला.

तो ढकलताना बघायला बाबांनी आम्हाला एकदा नेलं होतं. मला वाटलं होतं काहीतरी धाडधाड सरकेल. काहीच हलेना. मी कंटाळले तेव्हा त्यांनी खिशातून खडू काढला, काँक्रीटवर आणि शेजारच्या न हलणाऱ्या भागावर मिळून एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "हिच्याकडे बघ. पुलाकडे बघू नको." मी बघत बसले. हळूहळू रेघेचे दोन तुकडे झाले. आधी केसाएवढी फट, मग नखाएवढी, मग बोट मावेल एवढी. इतकं अजस्र काहीतरी माझ्या नाकासमोर चालत होतं आणि ते फक्त खडूच्या रेघेला कळत होतं. आजही एखादं काम पुढे सरकत नाहीसं वाटलं की मी अशी रेघ शोधते.

पुलावरून एक गाडी गेली. खालून ती खेळण्यातली दिसते आणि आवाज उशिरा येतो. लेकीनं डबे मोजले.

दुपारी गाडीत दादानं २००३ चा विषय काढला. तो सहसा काढत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगची, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेची, दरड रुळांवर आली, सुट्टीची विशेष गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. तो भाग बाबांच्या तुकडीकडे कधीच नव्हता. तरी ते दोन दिवस जेवले नाहीत. दादा तेव्हा स्वतः इंजिनिअरिंगला होता. त्यानं विचारलं, "बाबा, तुमचा काय संबंध?" बाबा म्हणाले, "लाइन एकच आहे." त्यानंतरची त्यांची नोकरी डोंगरउतारांत गेली. उतार सपाट करणं, दगडांवर जाळ्या बसवणं, पावसाळ्यात गस्तवाल्यांबरोबर रात्री चालणं. धो धो पावसात बॅटरी आणि शिट्टी घेऊन रूळ बघत जाणारा गस्तवाला हा त्यांच्या लेखी लाइनीवरचा सगळ्यात मोठा माणूस. चौथ्या वहीवर पाण्याचे जे पिवळे डाग आहेत ते अशाच एका जुन्या पावसाचे. सर्व्हे आटोपून परतताना पऱ्या फुगला, तेव्हा वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्याला बांधून ते पोहत आले होते. घरी आल्यावर आधी वही स्टोव्हजवळ वाळत घातली, मग कपडे.

पाचवा दिवस

राजापूरच्या बाजूला देवाचे गोठणे. निवृत्तीनंतर बाबांना कातळशिल्पांचा नाद लागला. कोकणातला सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, सातबाऱ्यावर बहुतेक पडीक म्हणून नोंदलेलं. त्या पडीक जमिनीवर कुणी अनाम माणसांनी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे, वाघ, माणसं कोरून ठेवली आहेत. उक्षीला हत्ती आहे, बाबांच्या बोगद्याच्या अगदी डोक्याशी म्हणावा असा. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा बाबांनी पेढे आणले. ज्या सड्यावरून आपण वर्षानुवर्षं साखळी ओढत गेलो तिथे पायाखाली काय होतं ते आपण पाहिलंच नाही, याची त्यांना खंत होती.

भार्गवराम मंदिरावरून सड्यावर चढलो. मार्गशीर्षातलं पिवळं गवत, मधे काळपट कातळ, लांबवर खाडीची चकाकी. आईला चढ जड गेला, दादानं हात दिला. शिल्प म्हणजे कातळात कोरलेली माणसाची आकृती. बाबांचा प्रिझमॅटिक कंपास मी मुद्दाम आणला होता. पितळी, झाकणावर चरा पडलेला. शिल्पाच्या बाहेर उभं राहून लेकीनं उत्तर बघितली. सुई थरथरून स्थिर झाली. मग कंपास तळहातावर धरून ती आकृतीच्या वर आली आणि सुई कलली. दोन पावलं पुढे गेली, आणखी भलतीकडे. मागे आली, पुन्हा ठिकाणावर. तिनं चार वेळा करून पाहिलं. जांभ्यात लोह भरपूर असतं, पण नेमक्या याच जागी हे, आणि नेमकं याच जागी कोरलेलं शिल्प! बाबा इथे तासन् तास बसायचे. आयुष्यभर ज्या सुईच्या भरवशावर रेषा आखल्या ती इथे ऐकत नाही, याचा त्यांना केवढा आनंद व्हायचा.

आई कातळावर बसली होती. म्हणाली, "मला दोनदा आणलंय ह्यांनी इथे. दोन्ही वेळा मी खाली गाडीतच थांबले. गुडघे दुखतात म्हटलं." मग लेकीकडून कंपास मागून घेतला आणि सुईची ती थरथर बघत बसली. ऊन चढलं तेव्हा आम्हीच तिला उठवलं.

सहावा दिवस

रत्नागिरीहून परतीची गाडी. भोके येईपर्यंत लेकीनं सातवी वही उघडून मांडीवर घेतली होती, दादानं मोबाइलवर घड्याळ लावलं होतं. मी खिडकीशी, समोर आई.

करबुडे आला. उजेड कापल्यासारखा गेला आणि तो ओळखीचा आवाज चहूबाजूंनी दाबून आला. गार वारा. डब्यातल्या दिव्यांच्या उजेडात दगड मागे पळत होता, मधूनच ओली चमक, मधूनच भिंतीतला कोनाडा. ते कोनाडे गाडी येताना कामगारांनी अंग चोरून उभं राहण्यासाठी असतात. बाबा लहानपणी आम्हाला दाखवायचे आणि एक डोळ्याला सापडेपर्यंत दुसरा निघून जायचा. मी आईकडे बघितलं. ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून बाहेर बघत होती. छताकडे, भिंतीकडे, पुन्हा छताकडे. एकदाही मान वळवली नाही.

उक्षीच्या बाजूला उजेड फुटला. दादानं घड्याळ थांबवलं. "चार मिनिटं, बावन्न सेकंद." लेकीनं तारीख लिहिली, गाडी लिहिली, करबुडे लिहिलं, वेळ लिहिली. "माणसं किती लिहू?"

"चार," आई म्हणाली. "आणि ते पेन इकडे दे."

तिनं चष्मा लावला, वही मांडीवर घेतली. एवढ्या वर्षांत तिनं त्या वह्यांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. गाडी हलत होती म्हणून डाव्या हातानं पान घट्ट दाबून धरलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं,

'डोळे उघडे.'